लाईन आली काय रे

१

प्रीतम तायडेच्या मते अख्ख्या अमरावतीत ऐकणारी माणसं दोनच होती. एक तो स्वतः. दुसरा अजून सापडायचा होता. बाकीच्यांचे कान चष्म्याच्या काड्या अडकवायच्या कामाचे. शेजारच्या बंडू राऊतांनी दिवाळीत टीव्हीखाली लांबट स्पीकर बसवला आणि मोठ्या हौसेनं "या सर, आमचं थिएटर पाहून जा" म्हणून बोलावलं. प्रीतम गेला, दोन मिनिटं उभ्यानं ऐकलं आणि चहा न घेता परत आला.

"टिनाच्या डब्यात गोटे हलवून राह्यला तो," तो बायकोला म्हणाला. "अन् वरून म्हणते, भिंत कशी हादरते पाहा. भिंत तर ट्रक गेला तरी हादरते."

माणूस हुशार होता, यात शंका नाही. हुशारीचं त्याला अजीर्ण झालं होतं, एवढंच. तो तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा आणि तिथल्या पोरांना पालथे घडे म्हणायचा. 'खरा कान' नावाचं त्याचं चॅनेल होतं. तिथं तो घरगुती थिएटरची महागडी यंत्रं ऐकून गुण द्यायचा. चार हजार लोक ते पाहायचे आणि त्यातले तीन हजार नऊशे तरी बिनडोक आहेत, असं तो जेवताना सांगायचा.

दर मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली की तो वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचा. खोलीला खिडकी नव्हती. भिंतींत काचेचा कापूस भरलेला, दार चार बोटं जाड, चारी बाजूंनी सात स्पीकर आणि मधोमध एक खुर्ची. दुसरी खुर्ची ठेवली तर दुसरा माणूस येऊन बसतो आणि तो बोलतो.

त्या खोलीच्या बरोबर खाली त्याची आई, इंदूबाई, राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले. बायको दीक्षा अकोल्याला पाटबंधारे खात्यात होती. सकाळच्या गाडीनं जायची ती संध्याकाळी साडेसहाला घरी यायची. म्हणजे दिवसभर घरात आई आणि मुलगा दोघंच. आईकडे पाहायला मुलगा आहे, असं दीक्षा सगळ्यांना सांगायची.

२

या वर्षीची लढत दोन पॉवर ॲम्प्लिफायरची होती. प्लेअरमधून आवाज निघतो तो अगदी बारीक. त्याला ताकद देऊन स्पीकरपर्यंत पोचवायचं काम पॉवर ॲम्पचं. त्यानं त्यात स्वतःचं काही मिसळायचं नाही. पोस्टमननं पत्र पोचवावं, फोडून वाचू नये, हे प्रीतमचं ठरलेलं वाक्य होतं.

पहिला ॲम्प परदेशी, नवा कोरा. नागपूरच्या योगेश नावाच्या विक्रेत्यानं तो पंधरा दिवसांसाठी पाठवला होता. योगेशला ॲम्पमधलं फक्त किमतीचं लेबल वाचता येतं, असं प्रीतमचं मत होतं. दुसरा ॲम्प जुना, काळा, कंपनीचं नाव खरवडून गेलेला. तो अकोल्याच्या केशवरावांकडचा.

केशवराव कापसाच्या जिनिंगमधले निवृत्त इंजिनिअर. एकटेच राहायचे. प्रीतम त्यांच्याकडे गेला तेव्हा ॲम्प चालूच होता. समोरचा पिवळा दिवा लागलेला, मागून दोन तारा स्पीकरला गेलेल्या. समोर वेताची खुर्ची, बसून बसून मधे खोल गेलेली. पण प्लेअर कुठंच नव्हता. ना टीव्ही, ना रेडिओ.

"वाजवता कशावर?" प्रीतमनं विचारलं.

"काईच नाई वाजवत."

"मग हे चालू काहून ठेवलं?"

"बसतो," केशवराव म्हणाले.

प्रीतमला हसू आवरेना. गाडी आहे, पेट्रोल नाही आणि म्हातारा स्टीअरिंग धरून बसलाय. त्यानं पैशांचं विचारलं, तर केशवरावांनी हात हलवला.

"तुमी घेऊन जा. माह्यं ऐकून झालं."

वाटेतलं मूर्तिजापूर येईपर्यंत प्रीतम एकटाच गाडीत हसत होता. अकोल्यात असे नमुने मिळायचेच, असं त्याला वाटलं.

३

तुलनेची त्याची पद्धत कडक होती. दोन्ही ॲम्पचा आवाज मीटर लावून एकसारखा करायचा, कारण जरा मोठं वाजणारं लोकांना चांगलं वाटतं आणि तिथंच लोक फसतात. ॲम्प चांगला तापू द्यायचा. अकोल्याचा तर त्यानं आणल्यापासून बंदच केला नव्हता. खोलीचा एसी बंद, फोन खालच्या हॉलमध्ये, घामाच्या धारा लागल्या तरी पंखा नाही.

आणि खालचा कूलर बंद.

कूलरचा पंप सुरू झाला की स्पीकरमधून बारीक घूं यायचं. दुसऱ्या कुणाला ते ऐकू आलं नसतं. प्रीतमला आलं. त्यानं जिन्याच्या वळणावरची विजेची पेटी उघडली आणि खालच्या मजल्याचा खटका पाडला. बाहेर पंचेचाळीसचं ऊन होतं, दुपारचे दोन वाजले होते.

"प्रीतम," खालून आवाज आला, "लाईन गेली काय रे?"

त्यानं अर्धं मिनिट विचार केला असेल नसेल.

"हो आई. लाईन गेली."

अमरावतीत मे महिन्यात लाईन जाते, त्यात सांगण्यासारखं काय आहे? आणि इंदूबाईंना तर ते कुणी सांगायलाच नको. त्यांचा नवरा, देवमन, तेहतीस वर्षं वीज मंडळात लाईनमन होता. पाऊस असो, वादळ असो, लोक त्यांच्याच दाराशी येऊन विचारायचे, लाईन कधी येईल? बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली आता देवमनचाही फोटो होता, खांद्यावर दोरखंड टाकलेला. लाईन गेली की आधी कूलरचं बटण बंद करायचं, नाहीतर येताना झटक्यानं मोटार जळते, ही त्याची शिकवण. इंदूबाई दर वेळी उठून ते बटण बंद करायच्या, टॉवेल ओला करून कपाळावर ठेवायच्या आणि आडव्या व्हायच्या.

"तुह्या बाबानं पाच मिन्टात जोडली असती," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून प्रीतमला विचार करायचीही गरज पडली नाही. दोन वाजले की खटका खाली.

दीक्षाला संध्याकाळी कूलरची वाळ्याची ताटी कोरडी दिसली.

"आज बी लाईन गेली होती? मी राऊतांच्या पोरीले, आचलले, फोन केला होता. तिच्याकडं होती म्हणे."

"त्यांचा फेज वेगळा आहे," प्रीतम म्हणाला. बायकोला फेजमधलं काय कळतं, हे त्या चार शब्दांत आलं.

"तुमी घरी असता म्हणून मी निर्धास्त जाते, अवो. म्हातारं माणूस हाय. लक्ष ठेवा."

४

चौथ्या दिवशी त्यानं रिकामी चाचणी घेतली. ॲम्पला प्लेअर जोडायचाच नाही. मागची तोंडं टोप्या घालून बंद करायची आणि स्पीकरला कान लावायचा. चांगला ॲम्प अशा वेळी गप्प बसतो. वाईट ॲम्प सूं सूं करतो.

परदेशी ॲम्पनं अगदी बारीक सूं केलं. प्रीतमनं एक गुण कापला.

मग अकोल्याचा. सूं नाही, काही नाही. तो कौतुकानं कान लावून बसला, आणि कानात खाट करकरली. मग काचेची बांगडी स्टीलच्या पेल्यावर वाजली. मग खोकल्याची एक उबळ, आणि त्यानंतर:

"प्रीतम, लाईन आली काय रे?"

तो दचकला नाही, वैतागला. एवढ्या जाड दारातून आईचा आवाज आलाच कसा? त्यानं दार उघडलं आणि जिन्यावरून ओरडला, "नाही आली अजून."

खालून उत्तर नाही. तो उतरून गेला. इंदूबाई झोपल्या होत्या. तोंड जरासं उघडं, कपाळावर ओला टॉवेल. पेला खिडकीत, हात पोचणार नाही इतका लांब.

तो परत वर आला. दार उघडंच राहिलं होतं. नऊ मिनिटांनी खालून खाट करकरली, बांगडी पेल्यावर वाजली, खोकल्याची उबळ आली. "प्रीतम, लाईन आली काय रे?"

उबळसुद्धा तीच होती. मधे श्वास अडकला होता तिथंच अडकला.

"आई, तू आत्ता दुसऱ्यांदा विचारून राहिली काय?" तो जिन्यावरून म्हणाला.

"मी? मी तर आत्ता उठली," इंदूबाई म्हणाल्या. "तुह्या कानाले काई झालं काय?"

५

त्याच्या कानाला कुणी असं म्हणावं, याचाच त्याला आधी राग आला.

मग त्यानं डोकं चालवलं. स्पीकर उलटा वापरला तर माईकचं काम करतो. खालचे आवाज लादीतून शिरत असतील. पण मग ते आधी कसे येतील? उकाड्यानं त्याची डुलकी लागली असेल. त्यानं तारा बदलल्या, स्पीकर बदलले. दोन्ही ॲम्प आळीपाळीनं त्याच तारांना लावले. परदेशी मुका. अकोल्याचा बोलायचा. तो वहीत वेळा लिहू लागला. पहिल्या दिवशी नऊ मिनिटं आधी. मग चौदा, मग बावीस. शेवटी अर्धा तास, आणि ते अर्ध्या तासावरच थांबलं. झालेलं तो ॲम्प कधीच ऐकवत नसे. ऐकवायचा ते व्हायचं असे आणि ऐकवलेलं एकही व्हायचं राहिलं नाही.

भिऊन ॲम्प बंद करावा, एवढी अक्कल कुणाही साध्या माणसाला सुचली असती. प्रीतम साधा नव्हता. त्याला फक्त एवढंच वाटलं की हे चॅनेलवर सांगितलं तर चार हजार बिनडोक त्यालाच वेडा म्हणतील.

त्यानं केशवरावांना फोन लावला. त्यांच्या शेजारच्या मोतीरामनं उचलला.

"साहेब गेले ना. तुमी ते यंत्र नेलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, त्या वेताच्या खुर्चीत बसले होते. जसं कोनी घ्यायले येनार हाय."

"वय झालं होतं," प्रीतम म्हणाला आणि फोन ठेवला. त्या दिवशी तो खोलीत गेला तेव्हा खुर्ची त्यानं ॲम्पपासून हातभर मागे सरकवून घेतली. का सरकवली, ते वहीत लिहिलं नाही.

वेळा ताडून पाहायला आणि आईची हाकही ऐकू यावी म्हणून गेले काही दिवस तो दार फटीएवढं उघडं ठेवायचा. निदान अर्ध्या तासानं जिन्यावर येऊन वाकून पाहायचा. आता त्याच्या हुशारीनं नवा हिशेब मांडला. आई बोलायच्या अर्धा तास आधी आपल्याला कळतंय. मग दार उघडं ठेवून बाहेरचा गोंगाट आत कशाला घ्यायचा? त्यानं दार लावून घेतलं. चाचणी दोन तासांची होती, ती तीन तासांची झाली.

६

शेवटच्या दिवशी छत्तीस तासांपासून वारा पडलेला. पारा शेहेचाळीसवर जाणार असं सकाळीच मोबाईलवर आलं होतं. निघताना दीक्षा दारात घुटमळली, सासूच्या उशाशी माठातलं पाणी भरून ठेवलं, कांदा ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "आज लाईन गेली तर राऊतांकडं नेऊन बसवा त्यायले. त्यांचा फेज वेगळा हाय ना?"

प्रीतमनं मान हलवली. आज निकाल लिहायचा होता.

दीड वाजता त्यानं खटका पाडला.

"गेली काय रे?"

"हो आई."

"आज लई तापलं." कूलरचं बटण बंद केल्याचा टक आवाज आला. "लवकर येईन काय?"

"येईल," म्हणत त्यानं दार लावलं.

दोन वाजता त्यानं अकोल्याच्या ॲम्पला टोप्या घातल्या आणि कान लावला. खाट करकरली नाही. बांगडी वाजली नाही. खोकला नाही, कूस बदलणं नाही. त्यानं पाच मिनिटं वाट पाहिली, दहा मिनिटं पाहिली. काही नाही.

प्रीतमचा चेहरा उजळला. आठ दिवस त्या आवाजांनी त्याचा निकाल अडवला होता. यंत्र शेवटी ताळ्यावर आलं. त्यानं वही ओढली आणि लिहिलं: "रिकामा असताना संपूर्ण निःशब्द. इतकी काळीभोर शांतता मी आजवर कुठल्याही ॲम्पमध्ये ऐकलेली नाही. दहापैकी दहा." खाली रेघ मारली. किळस यावी असं ते समाधान होतं.

मग त्यानं प्लेअर जोडला आणि तासभर तबला ऐकला. परदेशी ॲम्पवर डग्गा घट्ट, अकोल्याच्यावर अंमळ गोल. दोघांनाही त्यानं न्यायानं गुण दिले.

७

सव्वातीनला पुन्हा एकदा, केवळ त्या शांततेचं सुख घ्यावं म्हणून, त्यानं टोप्या घातल्या.

स्पीकरमधून फाटकाची कडी वाजली. चपला निघाल्या, पर्स टेबलावर पडली. वर फिरणाऱ्या पंख्याची कटकट येत होती, आणि तिच्यात दीक्षाचा आवाज.

"आई."

मग थोडा वेळ फक्त पंखा.

"आई, उठा ना. आई." बांगड्या वाजल्या. "अवो, कूलर काहून बंद हाय?"

आणि एक पुरुषाचा आवाज, सपाट, जरा नाकातला. "लाईन गेली होती."

कोण बावळट बोलतोय हा, असं प्रीतमला वाटलं. इतकं पोकळ, इतकं उघड खोटं. तो तुच्छतेनं हसलाही. मग ते हसू त्याच्या तोंडावरच राहिलं, कारण आवाज त्याचा होता.

त्यानं घड्याळ पाहिलं. दीक्षा साडेसहाला येते. म्हणजे ॲम्पनं आता अर्ध्या तासावरून सव्वातीन तासांवर उडी मारली. म्हणजे हातात सव्वातीन तास आहेत. म्हणजे घाई नको, नीट ऐकावं, पुढं ती काय म्हणते ते कळू द्यावं, मग उतरावं. असं तो स्वतःला खुर्चीत बसून समजावत राहिला. खरं तर त्याला खाली जायची भीती वाटत होती. त्या भीतीला त्यानं शास्त्र हे नाव दिलं आणि पंख्याची कटकट ऐकत पंचवीस मिनिटं बसून राहिला.

मग तो उठला. दार उघडलं तशी तोंडावर भट्टीसारखी झळ आली. त्यानं आधी पेटीतला खटका वर केला. खाली पंखा कटकट करत फिरू लागला. कूलर मात्र सुरू झाला नाही. त्याचं बटण आईनं बंद केलं होतं.

इंदूबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. टॉवेल वाळून कडक झाला होता. पेला जमिनीवर पडला होता, पण लादी कोरडी होती. सांडलेलं पाणी कधीचंच उडून गेलं होतं. त्यानं हाक मारली. मनगट धरलं. कातडी चुलीजवळ ठेवलेल्या भांड्यासारखी तापलेली होती आणि आत नाडी नव्हती. मानेवर पाहिलं, तिथंही नव्हती.

दोन वाजता त्यानं जी शांतता ऐकली आणि जिला दहापैकी दहा दिले, ती अडीचची होती. दोन वाजता आई जिवंत होती. चौदा पायऱ्या खाली.

फाटकाची कडी वाजली.

चपला निघाल्या, पर्स टेबलावर पडली. ॲम्पनं कुठलीच उडी मारली नव्हती. नेहमीसारखा अर्धाच तास.

"ऑफिसात जीव लागेना म्हणून हाफ डे टाकला. तीनदा फोन केला तुमाले," दीक्षा बोलत बोलत आत आली आणि थांबली. "आई."

प्रीतमनं ठरवलं की आपण खरं सांगायचं. खटका मीच पाडला, इतके दिवस रोज पाडला, हे तिच्या तोंडावर सांगायचं. एवढं एक वाक्य बदललं तर त्या यंत्राचा एक तरी शब्द खोटा ठरेल. त्यानं ओठ ओले केले.

"आई, उठा ना. आई." दीक्षानं सासूचा हात हातात घेतला, छातीशी धरला. मग तिची नजर खोलीभर फिरली. "अवो, कूलर काहून बंद हाय?"

"लाईन गेली होती," प्रीतम म्हणाला.

दीक्षानं वर पाहिलं. डोक्यावर पंखा फिरत होता. तिनं पंख्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

वरच्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं. तिथून खाट करकरल्याचा आवाज आला. बांगडी स्टीलच्या पेल्यावर वाजली.

दीक्षाची मान जिन्याकडे वळली. सासूचा हात अजून तिच्याच हातात होता.

"प्रीतम, लाईन आली काय रे?"

प्रीतमनं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. पावणेचार झाले होते. सव्वाचारला अजून अर्धा तास होता.